परवाना खुला आहे, पण आत नेणार कोण? ओपन सोर्सचा इतिहास आणि बुलडाण्याचा विद्यार्थी

ज्ञानावरची मक्तेदारी हा या देशातील विषमतेचा पाया राहिला आहे. काल ही मक्तेदारी पोथीवर होती, नंतर ती इंग्रजीवर आली आणि आज ती सॉफ्टवेअरवर आहे. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उमटला नाही तर धान्य अडते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. सातबारा ऑनलाइन, पीकविमा ऑनलाइन, भरतीची परीक्षा ऑनलाइन. आपल्या जगण्याचे नियम आज सॉफ्टवेअरमध्ये लिहिले जात आहेत. मग ते लिहिणारे हात कोणाचे आहेत? हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा विचारला जात नाही. आपली मागणी ‘मुलांना कॉम्प्युटर शिकवा’ एवढ्यावर येऊन थांबते.

सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी माणसाने लिहिलेला मजकूरच. त्या मूळ मजकुराला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो कुलूपबंद ठेवतात. आपण फक्त वापरायचे, आत काय लिहिले आहे ते पाहायचे नाही. याच्या उलट ओपन सोर्सचा परवाना सांगतो की हा मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा आणि पुढे वाटावा. लिनक्स, फायरफॉक्स, पायथन, लिब्रेऑफिस ही सगळी याच पद्धतीची कामे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीसुद्धा लिनक्सच आहे.

या जगाचा एक आवडता दावा आहे. इथे कोणी तुमची जात, गाव, कॉलेज विचारत नाही. तुमचे काम चांगले असेल तर ते स्वीकारले जाते. दावा ऐकायला समतेचा वाटतो. पण कोणताही दावा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहायचा, ही आपली शिकवण आहे. तो इतिहास पाहिला तर वेगळीच गोष्ट समोर येते. ओपन सोर्स जिथे जिथे रुजले, तिथे तीन माणसे एकत्र आलेली दिसतात : शिकणारा विद्यार्थी, त्याला वेळ आणि मोकळीक देणारा प्राध्यापक, आणि प्रत्यक्ष कामात हात धरणारा अनुभवी मार्गदर्शक. या तिघांच्या मागे कोणाचा तरी पैसा होता, आणि सुरुवातीच्या काळात तो बहुतांशी जनतेचा होता. जिथे हे तिघे भेटले नाहीत, तिथे परवाना खुला असूनही कोणी आत गेले नाही.

जन्म विद्यापीठाच्या अंगणात

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये आकाराला आली. तिचा एक निर्माता केन थॉम्प्सन १९७५ मध्ये अभ्यागत प्राध्यापक म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत गेला. तिथे बिल जॉय आणि चक हेली हे विद्यार्थी त्याच्या कामाला येऊन भिडले. त्यांनी युनिक्समध्ये भर घातली, दुरुस्त्या केल्या आणि १९७८ मध्ये बर्कलीची स्वतःची आवृत्ती वाटायला सुरुवात झाली. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतून हे काम वाढले आणि इंटरनेटचे मूलभूत नियम १९८३ च्या बर्कली आवृत्तीतून विद्यापीठा-विद्यापीठांत पोहोचले. म्हणजे प्राध्यापक, विद्यार्थी आणि सरकारी पैसा, तिन्ही एका छताखाली.

दुसरे उदाहरण लिनक्सचे. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीतील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी केवळ विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची छोटी प्रणाली लिहिली आणि १९८७ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात तिचा कोड छापला. ते पुस्तक हेलसिंकी विद्यापीठातील लिनस तोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने वाचले. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपण एक नवी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबॉम यांनी तिची रचना कालबाह्य असल्याची जाहीर टीका केली. हा माझा विद्यार्थी असता तर त्याला फार गुण मिळाले नसते, अशा अर्थाचेही ते बोलले. तोरवाल्ड्सने तितक्याच जाहीरपणे उत्तर दिले. ज्या गुरूच्या वर्गात तो कधी बसला नव्हता, त्याच्या पुस्तकातून तो शिकला आणि त्याच्याशी भांडलाही. कोणी त्याचा अंगठा मागितला नाही. एकलव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या समाजाने हा फरक नीट लक्षात घ्यावा.

मात्र या कथेची दुसरी बाजू ‘मेरिट’वाले सांगत नाहीत. तोरवाल्ड्सचे आजोबा हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. नातवाने पहिला संगणक पाहिला तो आजोबांच्या घरी. आईवडील पत्रकार. फिनलंडमध्ये तेव्हा उच्च शिक्षणाला शुल्क नव्हते. लिनक्स वाढत होते त्या काळात विद्यापीठाने त्याला शिकवण्याची नोकरीही दिली होती. १९९७ मध्ये मेक्सिकोतून ग्नोम हा प्रकल्प सुरू झाला. त्याचा एक संस्थापक मिगेल दे इकाझा, याचे वडील भौतिकशास्त्रज्ञ आणि आई जीवशास्त्रज्ञ. समाजशास्त्रात पिएर बूर्द्यू यांनी याला सांस्कृतिक भांडवल म्हटले. घरातली पुस्तके, घरातली भाषा, ‘हे मला जमेल’ हा आत्मविश्वास, ओळखीचा एखादा प्राध्यापक : हे भांडवल बँकेत दिसत नाही, पण पिढ्यानपिढ्या चालत येते. या माणसांचे कष्ट आणि बुद्धी खरीच होती. पण त्यांच्या पायाखाली जमीन होती, हेही तितकेच खरे आहे.

मार्गदर्शकाला व्यवस्था मिळाली

२००० नंतर हे काम योगायोगावर सोडता येणार नाही, हे लक्षात आले. गूगलने २००५ मध्ये ‘समर ऑफ कोड’ सुरू केले. विद्यार्थ्याने ओपन सोर्स प्रकल्पाकडे कामाचा प्रस्ताव द्यायचा, प्रकल्पाने त्याला मार्गदर्शक नेमून द्यायचा आणि उन्हाळाभर काम करायचे. पहिल्या वर्षी सुमारे ४०० विद्यार्थी निवडले गेले आणि काम पुरे करणाऱ्याला ४५०० डॉलर विद्यावेतन होते. कंपनीचा त्यात स्वार्थ आहेच. तरी विद्यार्थी, मार्गदर्शक आणि मोबदला हे तिन्ही एका सूत्रात बांधले गेले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

या योजनेत सुरुवातीची अनेक वर्षे सर्वाधिक विद्यार्थी कोणत्या विद्यापीठाचे होते? अमेरिकेतील नाही, आपल्या आयआयटीचेही नाही. ते होते श्रीलंकेतील मोराटुवा विद्यापीठाचे. त्यामागे कारण होते. २००३ मध्ये तिथे लंका सॉफ्टवेअर फाउंडेशन उभे राहिले. अपाची या नामांकित प्रकल्पात काम केलेली माणसे देशात परतली आणि विद्यापीठातील मुलांना सोबत घेऊन कामाला लागली. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तेव्हा श्रीलंकेतील स्वयंसेवकांनी बेपत्ता माणसांची नोंद, छावण्या आणि मदतसाहित्य यांचा हिशेब ठेवणारी ‘सहाना’ ही खुली प्रणाली काही आठवड्यांत उभी केली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००६ साठी सामाजिक उपयोगाचा पुरस्कार सहानाला दिला. आधीच्या वर्षीचे विद्यार्थी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. अशी साखळी एकदा तयार झाली की छोट्या देशातले विद्यापीठही जगात पहिले येते.

आता याच योजनेतली दुसरी नोंद पाहा. २००६ मध्ये ग्नोम प्रकल्पाकडे या योजनेतून १८१ अर्ज आले. त्यात स्त्रियांचे किती? शून्य. कोणत्याही नियमाने स्त्रियांना बंदी नव्हती. परवाना खुला, अर्ज खुला, तरी शून्य. ग्नोमने त्याच वर्षी फक्त स्त्रियांसाठी वेगळी योजना काढली आणि विद्यार्थिनी पुढे आल्या. २०१० मध्ये ती पुन्हा जोमाने सुरू झाली. आज ती ‘आउटरीची’ या नावाने चालते आणि तंत्रज्ञानात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशा इतर घटकांनाही घेते. विशेष संधी दिल्याशिवाय समान संधी निर्माण होत नाही, हे अमेरिकेतल्या प्रोग्रामरांना १८१ अर्ज मोजल्यावर कळले. आपल्याला ते फार आधी कळले होते.

बोले ठराव आणि चवदार तळे

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदेमंडळात ठराव झाला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर चालत जाईपर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. त्यानंतरही नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयातला शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

ओपन सोर्सचा परवाना हा बोले ठरावासारखा आहे. तो आवश्यक आहे. तो नसता तर लढायला आधारच मिळाला नसता. पण ठराव म्हणजे पाणी नव्हे. दोन्ही गोष्टींत फरकही आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. लिनक्सच्या कोडवर कोणी काठ्या घेऊन उभे नाही. इथली अडवणूक मुकी आहे : इंग्रजीची, इंटरनेटच्या खर्चाची, स्वतःचा लॅपटॉप नसण्याची, आणि ‘काय विचारायचे, कोणाला विचारायचे’ हेच माहीत नसण्याची. मुक्या अडवणुकीविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. तिथे हात धरून आत नेणारा माणूसच लागतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही असा माणूस होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावाला हेरले, पुस्तके दिली, मॅट्रिक झाल्यावर सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी धडपड केली. त्या सभेचे अध्यक्ष होते तेच सी. के. बोले. बुद्धी बाबासाहेबांची होती, कष्ट त्यांचे होते. पण मार्गदर्शक आणि विद्यावेतन या दोन गोष्टी त्यांनाही लागल्या. १९१३ ला कोलंबिया विद्यापीठात पोहोचल्यावर जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक भेटले. विद्यार्थी, प्राध्यापक, मार्गदर्शक आणि पैसा हे सूत्र इथेही तेच आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग

महाराष्ट्रात या दिशेने काम झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई आयआयटीतील प्रा. दीपक फाटक यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ओपन सोर्ससाठी एक प्रकल्प काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘एकलव्य’. दूरच्या कॉलेजातील विद्यार्थ्याला ओपन सोर्सच्या आधारे शिकता यावे, हा हेतू. नाव वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात कळ येईल. पण ज्ञान उघडे ठेवायचे आणि अंगठा मागायचा नाही, हा त्यामागचा अर्थ असेल तर त्या नावाची ही दुरुस्तीच आहे.

त्यानंतर केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक तंत्रज्ञान मिशनच्या निधीतून मुंबई आयआयटीत २००९ च्या सुमारास दोन मोठी कामे सुरू झाली. प्रा. कण्णन मौदगल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ उभे केले. साधारण दहा मिनिटांचा एक पाठ, पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसते आणि समजावणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. शिकणाऱ्याने पाठ ऐकत ऐकत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे. शिक्षक नसलेल्या ठिकाणीही शिकता यावे अशीच त्याची रचना आहे.

दुसरे काम ‘फॉसी’ प्रकल्पाचे. त्यातली एक कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. अभियांत्रिकीत गणितासाठी महागडे सॉफ्टवेअर वापरले जाते. त्याला पर्याय म्हणून फ्रान्समध्ये विकसित झालेले सायलॅब हे खुले सॉफ्टवेअर आहे. फॉसीने सांगितले की विद्यार्थ्याने किंवा प्राध्यापकाने एक पाठ्यपुस्तक घ्यावे, त्यातली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून काढावीत. तज्ज्ञ तपासतील, मान्य झाले की मानधन मिळेल आणि काम करणाऱ्याच्या नावाने ते सर्वांसाठी प्रसिद्ध होईल. ज्याला ‘जगाच्या प्रकल्पात मी काय भर घालणार’ असे वाटते, त्याच्यासाठी ही पहिली पायरी होती. पाठ्यपुस्तक तर प्रत्येकाकडे असते. तिथूनच सुरुवात. याच काळात दूरस्थ केंद्रांद्वारे देशभरातील हजारो अभियांत्रिकी प्राध्यापकांना एकाच वेळी प्रशिक्षण देण्याचा उपक्रमही आयआयटीने चालवला.

विद्यार्थ्यांनी स्वतः उभे केलेले कामही आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतील विद्यार्थी ‘जीएनयूनिफाय’ ही ओपन सोर्स परिषद वर्षानुवर्षे भरवत आले. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी कॉलेजात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे हस्तांतरित होत चालला आहे. फायरफॉक्स, ग्नोम मराठीत दिसतात ते काही मोजक्या मराठी माणसांनी शब्द न् शब्द भाषांतरित केला म्हणून.

पण नकाशा पाहा. मुंबई, पुणे, सांगली. आम्हा विदर्भातल्या माणसांना ‘अनुशेष’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. हा ज्ञानाचा अनुशेष आहे आणि तो कोणत्याही समितीच्या अहवालात मोजला गेलेला नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. वरच्या वर्गाला उच्च शिक्षण दिले की ते आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर त्यांनी प्रहार केला होता. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मिसळतील, हेही त्यांनी त्यात मांडले. आयआयटीत सुरू झालेले चांगले काम पवईहून मेहकर-लोणारपर्यंत आपोआप झिरपेल, ही तीच जुनी समजूत आहे. पाठ इंटरनेटवर आहेत. पण ते आहेत हे सांगणारा, पहिल्यांदा अडल्यावर शेजारी बसणारा आणि विद्यार्थ्याची भाषा बोलणारा माणूस आपल्या तालुक्यात हवा.

१९८३ आणि बुलडाणा

१९८३ हे वर्ष या संदर्भात विलक्षण आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी १ मे रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. विभागीय अनुशेष मोजणारी दांडेकर समितीही १९८३ चीच. पुढे मलकापूर, चिखली, बुलडाणा इथेही अभियांत्रिकीची सोय झाली. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर आणि बुलडाणा जिल्ह्यातील अभियांत्रिकी शिक्षण एकाच वयाचे आहेत. पण चाळीस वर्षांत दोघांची नीट ओळख झाली नाही.

का झाली नाही? पहिले कारण अभ्यासक्रम. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. अनेक ठिकाणी तो तयार विकत मिळतो. शहरातल्या दुकानातून आणायचा, मुखपृष्ठ बदलायचे, तोंडी परीक्षा द्यायची. यात मुलांना दोष देऊन काही होणार नाही. ज्याला कोणी खरा प्रश्न दिला नाही, तो खोटे उत्तरच आणणार. दुसरे कारण प्राध्यापकांची स्थिती. विनाअनुदानित संस्थांत अपुरा आणि उशिरा मिळणारा पगार, कंत्राटी नेमणूक, प्रवेश आणण्याचे काम. अशा माणसाकडून ‘मार्गदर्शन करा’ अशी अपेक्षा करणे म्हणजे उपाशी माणसाला दान मागणे. तिसरे कारण आपली सगळ्यांची सवय. २००१ पासून एमएस-सीआयटी घरोघरी पोहोचले, सरकारी नोकरीसाठी ते लागते, लाखो मुलांनी संगणकाला पहिला हात त्यातच लावला. पण त्यात आपण मुख्यतः एका कंपनीची उत्पादने वापरायला शिकलो. याच काळात केरळने ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून सरकारी शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, शाळेतल्याच शिक्षकांमधून प्रशिक्षक तयार केले आणि दहावीच्या परीक्षेत ते आणले. दोन राज्ये, एकच दशक. एकाने ग्राहक घडवले, दुसऱ्याने शिक्षक घडवले.

मार्गदर्शक नसला की काय होते, हे ऑक्टोबर २०२० मध्ये जगाने पाहिले. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ओपन सोर्स प्रकल्पांना चार दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट मिळत असे. यूट्यूबवर एका भारतीय चॅनेलने कृती दाखवली आणि हजारो निरर्थक बदल प्रकल्पांवर येऊन आदळले. कुठे ‘छान प्रकल्प’ एवढेच शब्द जोडलेले. प्रकल्प सांभाळणारे वैतागले, आयोजकांना काही दिवसांत नियम बदलावे लागले आणि भारतीय विद्यार्थ्यांची जगभर टिंगल झाली. ती मुले आळशी नव्हती. त्यांना दाराचा पत्ता मिळाला होता, पण आत कसे जायचे हे सांगणारा प्राध्यापक मिळाला नव्हता.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप बाहेरचा आहे : कोड तपासताना जात दिसत नाही, मग जातीचा प्रश्न इथे कशाला? कोड तपासताना दिसत नसेल, पण कोडपर्यंत पोहोचताना दिसते. अमरावती जिल्ह्यातून मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेलेले डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्स संस्थेबाबत अहवाल दिला. शिक्षक आपल्याला वेळ देत नाहीत, शंका विचारू देत नाहीत, ही अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांची तक्रार त्यात नोंदली गेली. प्राध्यापकाचा वेळ हीसुद्धा एक संपत्ती आहे आणि तिचे वाटप जातीनुसार होते. ओपन सोर्समध्ये सगळा खेळच या वेळेचा आहे. कोड फुकट मिळतो. वेळ फुकट मिळत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. कार्यकर्ते विचारतात, आमच्या मुलांनी फुकट काम का करायचे? त्या कोडवर कंपन्या पैसा कमावणार आणि आमचा मुलगा बापाच्या मजुरीवर बसून त्यांची सेवा करणार? ही नव्या जमान्याची वेठबिगारच नव्हे काय? ज्या समाजाने महार वतनाच्या नावाखाली पिढ्यानपिढ्या फुकट राबणूक सोसली, ज्यासाठी बाबासाहेबांना १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडावे लागले, त्या समाजाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

माझे उत्तर असे आहे. विनामोबदला स्वयंसेवा हा ज्यांच्या घरी भाकरीची चिंता नाही त्यांचा मार्ग आहे. तो आपल्या मुलांवर आदर्श म्हणून लादू नये. पण म्हणून पाणवठाच सोडून देणे हे उत्तर नव्हे. वर सांगितलेला इतिहास हेच दाखवतो की टिकलेल्या प्रत्येक व्यवस्थेत मोबदला होता. बर्कलीत संशोधन निधी होता, हेलसिंकीत विद्यापीठाची नोकरी होती, समर ऑफ कोडमध्ये विद्यावेतन होते, फॉसीत मानधन होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती याच विचारातून. शिकण्याच्या काळात पोट भरले पाहिजे. तेव्हा आपली मागणी ‘आमच्या मुलांना ओपन सोर्समध्ये घ्या’ एवढीच नसावी. ‘विद्यावेतनासह, मार्गदर्शकासह घ्या’ ही असावी.

काय मागायचे, काय करायचे

मागायचे ते विद्यापीठाकडे आणि शासनाकडे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ओपन सोर्समधील स्वीकारले गेलेले काम मान्य करावे. ते जगासमोर तारखेसह उघडे असते, विकत आणता येत नाही. असे मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाचे तास कामाच्या भारात मोजावेत. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी जिल्हावार मानधन ठेवावे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत संगणक आणि इंटरनेट ही चैन न मानता ग्रंथालयासारखी गरज मानावी.

करायचे ते आपल्या हातात आहे. आपल्या समाजातून गेलेली अनेक मुले आज पुणे, हैदराबाद, बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ती १४ एप्रिलला वर्गणी देतात, त्याबद्दल आदरच आहे. त्यांच्याकडे यापुढे आठवड्याचे दोन तास मागा. एकाने खामगावच्या दोन मुलांना, दुसरीने मेहकरच्या दोन मुलींना सहा महिने सोबत करायची. सुरुवात मोठ्या कोडपासून नको. एखाद्या सॉफ्टवेअरचे मराठी भाषांतर तपासणे, चुकीची नोंद नीट लिहिणे, पाठ्यपुस्तकातले एक उदाहरण सोडवणे, इतके पुरे. मोराटुवाची साखळी अशीच सुरू झाली आणि आधी शिकलेल्यांनी मागच्यांना शिकवले म्हणून टिकली.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद झाले. देशाची घटना लिहिण्याचे काम खांद्यावर असलेला माणूस महाविद्यालयाच्या प्राध्यापकांची निवड आणि ग्रंथालय यांत लक्ष घालत होता. कारण राज्यघटनेने दिलेला हक्क बजावायला शिकवणारा प्राध्यापक नसेल तर हक्क कागदावर राहतो, हे महाडच्या अनुभवाने त्यांना माहीत होते. जूनमध्ये नवे सत्र सुरू होईल. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात जाऊन एवढेच विचारा : संगणक विभागातले कोणते सर किंवा मॅडम यंदा दहा मुलांना ओपन सोर्सच्या कामाला बसवणार आहेत, आणि त्यासाठी त्यांना आमच्याकडून काय हवे आहे?